ओढा आला तर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे नाला मोजणं.

पांढरकवड्याच्या अलीकडं तेव्हा सडकेचं काम चालू होतं. मी गँगमध्ये मजूर. आमच्या बांबूच्या तट्ट्याच्या झोपड्या सडकेच्या कडेला, आणि मागं नाला. संध्याकाळी काम सुटलं की मी बायकोला घेऊन नाल्यावर जायचो. पल्याडच्या काठावर एक पळस होता. त्याच्या बरोब्बर समोर, अल्याड, मी खुंटी ठोकायचो. तिथून काठाकाठानं दोर ताणायचा. दोराच्या मधोमध ती काठी धरून उभी राहायची. मी दोराच्या दुसऱ्या टोकापासून नाल्याकडं तोंड ठेवून सरळ मागं मागं सरकायचो. तिची काठी आणि पळस एका रेषेत दिसले की थांबायचं. जितका मागं आलो तितका नाला रुंद. पाण्यात पाय न घालता माप येतं.

"डाव्या हाताले सरक," मी ओरडायचो.

"डावा माहा का तुमचा?"

"तुहा."

"मंग तसं सांगा ना, साहेब. सरकारी माणसानं नीट बोलावं. अन् लवकर पाहा, माह्या भाकरी राह्यल्या."

साहेब हे तिनं मला ठेवलेलं नाव. चारचौघांत सुद्धा म्हणायची आणि गँगमधल्या बाया हसायच्या. त्या शेवटच्या दिवशी ती काठीला टेकून उभी होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "पाय दुखून राह्यले. तुम्ही मोजा." मी मोजलं. माप बरोबर आलं.

हे सगळं कशासाठी, तर मिस्त्रीच्या परीक्षेसाठी. सडकेच्या खात्यात मजुराला मिस्त्री व्हायचं असेल तर परीक्षा द्यावी लागे. एक दिवस लेखी, आणि पास झालं तर यवतमाळला मोठ्या साहेबासमोर तोंडी. मी सातवी पास. तेवढ्यावर बसू देत. मिस्त्री झालं की पगार वाढे हे खरं, पण तिला पगाराचं काही नव्हतं. तिला एका जागी राहायचं होतं. गँगचं असं, की सडक पुढं सरकली की झोपडी उपटायची आणि पुढं जाऊन रोवायची. ती प्रत्येक झोपडीवर वालाचा वेल चढवे. शेंग धरायच्या आत आम्ही तिथून उठलेलो असू. मिस्त्रीला सरकारी खोली मिळे, भिंतीची. ती म्हणे, "एकडाव मिस्त्री व्हा. मंग मी कोनाले चूल उपटू देत नाही."

आदल्या साली मी तोंडीत पडलो होतो, आणि पडलो ते एका शब्दापायी. आपला भाग तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, आणि साहेब नवा आला होता पुण्याकडचा. गोरा, बारीक, बोलायला मऊ. त्यानं विचारलं, "मध्ये ओढा आला, तर साखळी कशी न्याल?"

आमच्याकडं मोजायच्या साखळीला जरीब म्हणतात. पटवाऱ्याची जरीब लहानपणापासून पाहिलेली. साखळी म्हणजे बैलाची, नाही तर रोलर फसला की लावायची. आणि पाण्याचा तो नाला. ओढा हा शब्द शाळेच्या पुस्तकात कधी वाचला असेल, पण त्या टायमाला डोक्यात आला नाही. मला ऐकू आलं ते, ओढा, म्हणजे खेचा.

मी म्हणालो, "ओढूनच नेतो, साहेब. जड असली तर दोघं जण धरतो."

साहेब आधी हसला नाही. दारातला चपराशी हसला, मग साहेबही हसला. "बरं, या तुम्ही," म्हणाला. मी बाहेर आलो तेव्हा मला वाटत होतं की उत्तर चांगलं दिलं. ओढा म्हणजे नाला, हे चपराश्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

घरी येऊन तिला सांगितलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "म्हंजे तुम्हाले नाला मोजता येते?"

"येते ना."

"मंग नुसतं बोलायचं राह्यलं. थे मी करून घेतो."

ती शाळेत गेलेली नव्हती. पण तेव्हापासून वर्षभर तिनं मला सोडलं नाही. भाकर थापता थापता विचारी, "ओढा आला तर?" मी सांगायचं. कापूस वेचायला गेलो तर वावराच्या त्या टोकाच्या धुऱ्यावरून ओरडे, "ओढा आला तर?" गँगच्या मुकादमाला वाटे बाईचं डोकं फिरलं. मला चीड यायची. एकदा म्हणालो, "आता पुरे कर वं, साहेब दुसरं काहीतरी इचारन." तर म्हणे, "त्याले आठवन ना तुमचं. हसायसाठी तरी इचारन."

नाला मोजल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं अंग तापलं. दुपारी बोलणं बंद झालं. गिट्टीच्या ट्रकमध्ये घालून पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाला मेंदूत ताप गेला. तो कसा जातो, कुठून जातो, मला आजही माहीत नाही.

दिवस करायला मी बोरी अरबला दादाच्या घरी गेलो. मोठा भाऊ, तोच आता घरात वडील माणूस. लेखी परीक्षा आधीच पास झाली होती. तोंडीची तारीख दहाव्यानंतर आणि तेराव्याच्या आत येत होती. मला बसवत नव्हतं. अंगणातून घरात, घरातून अंगणात. लोक भेटायला येत, त्यांच्यापाशी बसलो की उठावं वाटे, उठलो की कुठं जावं कळेना. जायचं का नाही हे कोणाला विचारायची लाज वाटे. बायको मरून आठवडा आणि ह्याला नोकरी सुचते.

तोंडीला ये, असा मुकादमाचा निरोप आला तेव्हा ते सगळ्यांना कळलं. दादा म्हणाला, "तेरावा झाल्याबिगर घराबाहेर पाय टाकायचा नाही. लोकं तोंडात शेण घालतीन."

माझी सासू पुसदकडून आली होती. आल्यापासून भिंतीला टेकून बसलेली. ती म्हणाली, "जवाई, थे परीक्षा म्हंजे नाल्याचीच काय? दिवाळीले आली होती तं माह्या आंगनात काठ्या रोवून मले शिकवे."

मी हो म्हणालो.

"मंग जा. तेराव्याले वापस या."

"मामी, पण रीत..." दादा बोलायला लागला.

"रीत मी पाह्यतो. लेक माही गेली."

मी निघालो तेव्हा दादा दारात आला नाही.

यवतमाळला गेलो तेव्हा माझं डोकं तासलेलं होतं. दहाव्याला केस दिले होते. टोपी घातली होती, पण साहेबासमोर जाताना चपराश्यानं काढायला लावली. साहेब तोच. मला पाहून त्याच्या तोंडावर हसू आलं, आठवलं असणार. मग डोकं पाहिलं.

"कोण गेलं?"

"बायको."

"केव्हा?"

"दिवस चालू हायेत, साहेब."

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मऊ आवाजात म्हणाला, "जा तुम्ही. तुमचं झालं."

मी उभा राहिलो. मला राग आला. वर्षभर जीव खाल्ला होता तिनं माझा, आणि हा माणूस न विचारता मला वाटेला लावतो. मी म्हणालो, "साहेब, इचारा."

"अहो, तुमचं काम झालं आहे."

"इचारल्याबिगर मी जात नाही."

चपराशी पुढं आला. साहेबानं त्याला हातानं थांबवलं. मग म्हणाला, "बरं. मध्ये नाला आला, तर जरीब कशी न्याल?"

वर्षभरात तो आपली बोली शिकला होता. मी ओढ्याची तयारी करून गेलो होतो, आणि तो नाला म्हणाला. मग बोलायला लागलो. "पल्याडच्या काठावर एक झाड धरायचं, साहेब. त्याच्यासमोर अल्याड खुंटी. खुंटीपासून काठानं काटकोनात दोर. दोराच्या मधोमध बाई उभी करायची."

"बाई?"

"हो."

"बाई कशाला?"

तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते. "खुंटी, साहेब," मी म्हणालो. "मधोमध खुंटी."

साहेबानं मान खाली घातली. "पुढं," म्हणाला. पुढचं मी सगळं सांगितलं. कुठं अडलो नाही.

संध्याकाळी कचेरीच्या भिंतीवर नावं लागली. माझं होतं. मार्क उत्तराचे दिले का तासलेल्या डोक्याचे, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. नंतर खूप वर्षं मी त्याच खात्यात काढली, भिंतीच्या खोलीत राहिलो, आणि तो साहेब कुठं बदलून गेला कोण जाणे.

त्या रात्री यवतमाळच्या मोटर स्टँडवर पडून राहिलो. तेरावा उद्यावर नव्हता, परवावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मोटरनं बोरी अरबला न जाता पांढरकवड्याकडं, आमच्या झोपडीवर गेलो. गँग उठत होती. सडक पुढं गेली होती, बैलांच्या बंड्या भरणं चालू होतं. मुकादम म्हणाला, "नाव लागलं म्हंतेत. आता तू कायले हात लावतं? पोरं उपटतीन तुही झोपडी."

मी म्हणालो, "राहू द्या." तट्टे सोडले, बांबू उपटले, एकेक करून बंडीत टाकले. आतली तिची चूल आणि सामानही मीच काढलं, कोणाला हात लावू दिला नाही. बंडी निघाली तेव्हा तिच्या मागं मागं पुढच्या मैलापर्यंत चालत गेलो, सामान उतरवलं, आणि मग उन्हात बोरी अरबच्या मोटरची वाट पाहत सडकेच्या कडेला उभा राहिलो.