आजी काढून टाक

वेणूअक्का कुणालाही ‘थांब’ म्हणत नसत. दारात भाजीवाला असो की गॅसवर उतू जाणारं दूध, “लाइनवर राहा” म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं. मी इंदिरानगरात त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला ऐकवलं, “पुण्याची ना तू? मग स्वल्प हळू बोल. इथं कुणी पळून जात नाही.”

त्यांच्या मुलाला, गिरीशला, कंपनी स्पेनला पाठवणार होती. तिथल्या शाळेत प्रवेशासाठी सहा वर्षांच्या ईराला व्हिडिओवर छोटीशी मुलाखत द्यायची होती, स्पॅनिशमधून. आईबाप दिवसभर ऑफिसात, म्हणून सराव अक्कांच्या गळ्यात पडला. दुपारी त्या स्वतः मोबाइलवर धडे ऐकत, संध्याकाळी पावटे सोलता सोलता नातीकडून रंग, फळं, वार घोकून घेत. “पाच भाषांत लोकांच्या शिव्या खाल्ल्यात मी. सहावीचं काय एवढं?” म्हणाल्या.

तुमचा पासपोर्ट झाला का, असं मी एकदा सरळच विचारलं. गिरीश बघतोय, म्हाताऱ्यांना कागद जास्त लागत असतील, असं त्यांचं उत्तर. चिकपेटेतून त्यांनी लोकरीचे मोजेसुद्धा आणून ठेवले होते.

मुलाखत जवळ आली तसं त्यांनी मला परीक्षक म्हणून सोफ्यावर बसवलं. प्रश्न त्या विचारणार, मी फक्त कडक चेहरा करायचा. “तुला तो मुद्दाम करावा लागणार नाही,” म्हणाल्या. घरात कोण कोण आहे, या प्रश्नावर ईरा पाय हलवत म्हणाली, “पापा, मामा, अबुएला, यो.” बाबा, आई, आजी, मी.

गिरीश तेवढ्यात ऑफिसातून आला होता. बूट काढता काढता म्हणाला, “आई, त्यातली आजी काढून टाक. अर्जात आम्ही तिघंच आहोत, उत्तर जुळायला हवं.” मग दुसरा बूट सोडवत, “तुझ्यासाठी देवनहळ्ळीला छान जागा बघितलीय. डॉक्टर असतात, बाग आहे. सांगणारच होतो.” आणि फोन कानाला लावून आत गेला.

अक्कांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ईरा सवयीनं अबुएला म्हणाली.

“आजी नाही. परत सांग.”

“पण अज्जी, तू आहेस ना?”

“उत्तरात नाही. परत.”

पोरगी रडवेली झाली, पण अक्कांनी सोडलं नाही. तिघांचंच उत्तर न अडखळता आलं, तेव्हाच तिला उठू दिलं.

ईरा पास झाली. गिरीशनं मजल्यावर म्हैसूरपाक वाटला आणि लेकीच्या हुशारीचं कौतुक सांगितलं. मी घेतला नाही.

देवनहळ्ळीची कॅब आली, तेव्हा अक्कांची बॅग मीच खाली नेली. लिफ्टमध्ये म्हटलं, कशाला इतकं पक्कं करून घेतलंत? चुकू द्यायचं होतं.

“सरी, चुकू दिलं असतं. आणि नापास झाली असती तर?” अक्का म्हणाल्या. “जन्मभर म्हणाले असते, म्हातारीनं मुद्दाम केलं.”