आईच्या हाताला चटका बसत नव्हता

डॉक्टरांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची बारीक वात तिच्या डाव्या हाताला टेकवली. "जिथं लागेल तिथं बोट ठेवा, मावशी." दंडावर तिने बरोबर बोट ठेवले. वाकू लागलेल्या करंगळीला कापूस टेकला तेव्हा ती तशीच बसून राहिली.

"कवा लावताय, डॉक्टरसाहेब?"

मी शेजारी उभा होतो. आदल्याच रविवारी चिखलीच्या शाळेत हीच तपासणी मी पोरांना करून दाखवली होती.

तेव्हा मी वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील पिंपरीत कंपनीत कामाला. वस्तीतल्या तरुणांचे मी एक मंडळ केले होते. सुट्टीच्या दिवशी आम्ही शाळांत, चाळींत जाऊन अंगावरचे बधिर चट्टे तपासत असू. "लपवू नका, लवकर या," हे मी इतक्यांदा बोललो होतो की पोरे माझी नक्कल करत.

"लेप्रसी," डॉक्टर मला म्हणाले. म्हणजे कुष्ठरोग. कोपरामागून करंगळीकडे जाणारी अल्नर नर्व्ह, म्हणजे तिथली संवेदना नेणारी शीर, दोरीसारखी जाड झाली होती. "किती दिवस बधिर आहे?"

आईला सांगता येईना. मला येत होते.

मंडळाची पोरे घरी चहाला येत. ओतताना आई उजव्या हातात सांडशी धरायची आणि तापलेल्या पातेल्याला खालून डाव्या तळव्याची कड लावायची. फडके घ्यायची नाही. माझा मित्र किसन म्हणायचा, "काकू, हात हाय का लोखंड?" सगळे हसत, मीही. एकदा तिच्या करंगळीवर फोड आला. मीच मलम लावले. "दुखतं का?" विचारले. "न्हाई," म्हणाली. मला बरे वाटले. त्या 'न्हाई'चा अर्थ मला पुस्तकातून पाठ होता.

दुसऱ्या दिवशी स्मिअर झाला. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यातला रस काचपट्टीवर घेतात आणि जंतू पाहतात. जंतू दिसले नाहीत, म्हणजे तिच्यापासून इतरांना लागण होण्याची भीती फारशी नव्हती; पण रोग होताच. डॉक्टर म्हणाले, "डॅप्सोनच्या गोळ्या काही वर्षं घ्याव्या लागतील. रोग थांबेल. गेलेली संवेदना परत येईल, असं मात्र सांगत नाही."

तेव्हा मी हळूच म्हणालो, "सर, कागदावर नुसतं त्वचारोग लिहाल का?"

त्यांनी पेन खाली ठेवले. "तूसुद्धा?"

घरी आल्यावर किसनला मी सांगितले, "आईचे सांधे दुखतात." आई आत भाकरी थापत होती. ती बाहेर आली.

"सांधं न्हाईत रं किसन. मला महारोग झालाय, अन् गोळ्या चालू हायत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जगाला लपवू नका म्हणतोस, लेकरा. मग मी काय चोरी केलीया?"

किसन खाली बसला आणि म्हणाला, "काकू, चहा टाका."

पुढच्या रविवारी ती मंडळात आली. पोरांना तिने एवढेच सांगितले, "घरात कुणाला दुखतंय ते इचारता. चटका बसून बी ज्याला दुखत न्हाई, त्याला बी इचारा." आता आमची पोरे प्रत्येक दारात हा प्रश्न विचारतात. तुम्हीही घरी विचारा. मी विचारला होता, पण उत्तर ऐकले नव्हते.

आईची करंगळी पुन्हा सरळ झाली नाही. अजूनही ती पातेल्याला हात घालायला जाते. मी फडके पुढे करतो. चहा ओतून झाला की ती आपणहून दोन्ही हात माझ्यासमोर धरते, आणि मी एकेक बोट बघून घेतो.