काचेतला खांदा

सव्वीस वर्षं मास्तर कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर उभे राहिले, आणि सव्वीसही वर्षं कानांच्या तपासणीत बिनबोभाट पास झाले. माणूस जवळजवळ ठार बहिरा, पण कागद बघाल तर मुंगीची चाहूल लागणारा! त्यातली मेख सगळ्या शेडला ठाऊक होती. तपासणीची बाई काचेच्या खोलीबाहेर पाठमोरी बसायची. कानात आवाज सोडताना तिचा उजवा खांदा जरासा उचलला जायचा. खांदा हलला की आतल्याने बटण दाबायचं, झालं! ही युक्ती मास्तरांनीच शोधली आणि पोरापोरांना शिकवली. नापास होणाऱ्याला मशीनवरून उठवून कमी पगारावर गोदामात बसवत, आणि गोदामात जायला कोण तयार होतं? पुढे स्वतःचा मुलगा त्याच प्रेसवर लागला, तेव्हा मास्तरांनी त्यालाही हीच विद्या दिली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

निवृत्त झाल्यावर मात्र मास्तरांची फार पंचाईत झाली. नात समोर येऊन काहीबाही सांगे आणि हे आपले मान डोलावत. एकदा ती रडत रडत काही सांगत होती, तेव्हाही हे हसून मान डोलावत राहिले. त्या दिवसापासून ती त्यांच्याकडे फिरकेनाशी झाली. ते त्यांच्या मनाला फार लागलं. सरकारी दवाखान्यात नंबर लागायला दीड वर्ष, आणि दुकानातलं कानाचं मशीन ऐपतीबाहेरचं.

अशात कानांवर संशोधन करणारी एक डॉक्टर आली. कारखान्याच्या आवाजाने ज्यांचे कान गेले, त्यांना ती फुकट मशीन बसवत होती. अट एकच, कान कामावर असताना गेले हे जुन्या कागदांवरून दिसायला हवं. तिने दहा मिनिटांसाठी मास्तरांच्या कानात मशीन घातलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय हे ऐकून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मग तिने फाइल उघडली.

“इथे तर तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत,” ती म्हणाली.

मास्तरांनी खांद्याची गोष्ट सांगून टाकली. डॉक्टरने फाइल मिटली. हे लिहून सही दिलीत तर मशीन तुमचं, असं तिने सांगितलं. पण मग सगळ्यांचेच कागद खोटे ठरतील, आणि आज प्रेसवर असलेल्या प्रत्येकाला तपासणीवालीकडे पाठ करून पुन्हा बसावं लागेल. आठवडाभर विचार करा, म्हणाली.

मास्तरांनी घरी येऊन मुलाला सगळं सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अगदी कानाशी तोंड आणून तो म्हणाला, “बाबा, सही करू नका. मला अजून नीट ऐकू येतं.”

दुसऱ्या दिवशी तो दारात सायकल पुसत बसला होता. मास्तर मागे जाऊन उभे राहिले आणि हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. तिसऱ्या हाकेला समोरच्या घरातली बाई खिडकीत आली, पण हा आपला चाक पुसतोच आहे. अजून पस्तिशीही नाही हो पोराची! आपण याला काय शिकवून ठेवलं, एवढंच मास्तरांच्या डोक्यात घुमत राहिलं.

त्याच दुपारी त्यांनी जाऊन सही केली.

नव्या तपासणीत शेडमधले एकोणीस जण गोदामात गेले, त्यांत मुलगाही. जुने सोबती मास्तरांना बघून रस्ता बदलू लागले. डॉक्टरच्या पुढच्या यादीत मुलाचं नाव आहे, पण तो तिकडे पाऊल टाकत नाही.

मास्तरांना मशीन मिळालं. आता नात आली की तिचा शब्द न् शब्द कळतो. स्वयंपाकघरातला नळ ऐकू येतो, सुनेचा उसासाही. संध्याकाळी मुलगा सायकल पुसायला बसला की ते मागे जाऊन उभे राहतात आणि हलकेच हाक मारतात. तो वळत नाही. त्याला ऐकू येत नाही की ओ द्यायची नाही, हे मास्तरांना कळत नाही, आणि समोर जाऊन विचारायची त्यांची छाती होत नाही.