अप्पांचा हात

बँडमध्ये चार वर्षं काढली की गाणी थोडी बसतात आणि किस्सेच जास्त जमतात. मी मूळचा पुण्याचा. चेन्नईजवळ सिरुसेरीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आणि सुट्टीला रघूच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवतो. रघू सॅक्सोफोनवाला, तंजावरी मराठी घरातला, चाळिशीचा. तमिळ लोकगीतं जॅझमध्ये मिसळायचं त्याला भारी वेड!

*

माझा पहिला कार्यक्रम नुंगंबाक्कमच्या एका कॅफेत होता. बघतो तर पहिली रांग मांडीवर हात मारून ताल मोजतेय. जॅझला! एका जागी मी अर्धी मात्रा उशिरा आलो, तर समोर बसलेल्या एका तमिळ मामींनी कॉफीचा टंबलर खाली ठेवून नापसंतीनं मान हलवली. इतकं कडक टेस्टिंग आमच्या ऑफिसातही होत नाही.

*

रघूचे वडील, अप्पा, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. आमची प्रॅक्टिस त्यांच्याच हॉलमध्ये चालते. अप्पांचा उजवा हात सदा मांडीवर ताल देत असतो. रेडिओला, कुकरला, इडलीचं पीठ वाटणाऱ्या ग्राइंडरलासुद्धा! फक्त रघूनं सॅक्सोफोन तोंडाला लावला की हात थांबतो आणि पेपर उघडतो.

"ह्यात ताळम् कुठं आहे रे?" म्हणतात. "सगळं मोकाट!"

"ग्राइंडरला ताल देतात, मला नाही!" रघू एकदा म्हणाला. आम्ही हसलो, तो हसला नाही. रघू डोळे मिटून का वाजवतो, ते मला त्या दिवशी कळलं. तो थांबलेला हात त्याला बघवत नाही. फार वाईट वाटलं मला.

*

भातलावणीचं गाणं शिकायला आम्ही दोघं तंजावरकडच्या एका खेड्यात गेलो. तिथल्या पाट्टींनी, म्हणजे आजीबाईंनी, रघूचं वाजवणं ऐकलं आणि त्याच्या हातात रोपं दिली. "आधी लाव!"

गुडघाभर चिखलात तासभर वाकून रघू वर आला. कंबर धरूनच वाजवायला लागला, तर गाणं आपोआप निम्म्या लयीत!

"आता बरोबर," पाट्टी म्हणाल्या. "मघाशी पळत होतास. रोपं लावणारी बाई पळते का?"

*

तेच गाणं गेल्या महिन्यात एका हॉलमध्ये वाजवलं. अप्पा पहिल्यांदाच आले, पहिल्या रांगेत बसले. रघूनं डोळे मिटले आणि असा रंगला, की मधेच माझी सम हरवली. बेसवाला माझ्याकडे बघतोय. मी कुणाकडे बघू?

समोर बघितलं. अप्पांचा हात मांडीवर पडत होता, संथ आणि पक्का. मुकाट्यानं त्या हाताला धरून राहिलो, पार शेवटपर्यंत.

टाळ्या झाल्या, तेव्हा रघूनं डोळे उघडले. खाली उतरला. "कसं झालं, अप्पा?"

"सरी, सरी, ठीक झालं. हा ड्रमवाला चांगला आहे रे. एकदाही ताळम् सोडलं नाही!"

रघूचा चेहरा पडला. मला राहवेना.

"अप्पा, मी केव्हाच हरवलो होतो. तुमचा हात बघून वाजवलं!"

रघू अप्पांकडे बघतच राहिला. "तुम्ही... ताल देत होतात?"

अप्पा छत्री शोधत होते. "मग? डोळे उघडून वाजव की रे."