घुंगरं घासणारं पिंप

डॉक्टरांनी माझा उजवा अंगठा मुळाशी दाबला. मी ओरडले. त्यांनी मान हलवली.

"घासणं किंवा शिवणं. या अंगठ्यानं दोन्ही व्हायचं नाही. एक काहीतरी सोडा."

सांगायला सोपं होतं. पुढचा पेशंट दारात उभा होता, त्यामुळे जास्त बोलता आलं नाही. मी गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि पेणच्या बाजारातून चालत घरी आले.

माझा धंदा चाळांचा. गणपतीत आमच्या भागात गावोगाव बाल्या नाच होतो. पुरुष गोल धरून नाचतात आणि पायात घुंगरांचे चाळ बांधतात. हे चाळ मी नवे शिवून देते, जुने दुरुस्त करते आणि बरेचसे भाड्याने देते. सासूबाईंनी सुरू केलेलं काम, त्या गेल्यावर माझ्याकडे आलं. विसर्जनानंतर चाळ परत येतात तेव्हा घाम आणि चिखल लागून घुंगरं हिरवी पडलेली असतात, पट्टे कुजलेले असतात. मग उन्हाळ्यात घुंगरं पट्ट्यावरून सोडवायची, चिंचेच्या कोळात बुडवलेल्या चिंधीनं एकेक घासायची, कोरडी करायची आणि नव्या पट्ट्यावर जाड दोऱ्यानं परत शिवायची. प्रत्येक घुंगराच्या आत लोखंडाचा खडा असतो. पाणी आत गेलं की तो गंजतो आणि आवाज बसतो. म्हणून टोपल्यात टाकून भांडी घासल्यासारखं करता येत नाही. एकेकच घ्यावं लागतं.

घासल्याशिवाय शिवता येत नाही. शिवल्याशिवाय चाळ होत नाही. डॉक्टर म्हणाले एक सोडा. मला दिसत होतं की एक सोडलं तर दुसरं आपोआप सुटतं.

रोह्याला माझी थोरली बहीण असते. तिला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "मोडीत घाल सगळं. पितळेला भाव आहे. सासूच्या नावानं किती वर्षं बोटं झिजवणार?"

"सासूच्या नावानं नाही. मला दुसरं काही येत नाही."

"मग अंगठा मोडल्यावर शिकशील."

आमची बहीण अशीच बोलते. मीही अशीच बोलते. आई म्हणायची, दोघींना एका चुलीवर ठेवू नका. शेवटी आमच्यात ठरलं ते असं: यंदा घासायचं काम यंत्रानं होतं का बघायचं. नाही झालं, तर गणपतीनंतर सगळी घुंगरं गोणीत भरून तिच्या ओळखीच्या मोडवाल्याकडे.

यंत्राची कल्पना नवऱ्याची. कंपनीतून सुटल्यापासून त्यांचं पहिल्या शिफ्टचं काम म्हणजे चहा आणि दुसऱ्या शिफ्टचं म्हणजे मोबाईल. एक दिवस हाका मारून बोलावलं. पडद्यावर एक धिप्पाड परदेशी माणूस बंदुकीच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या एका भांड्यात ओतत होता. त्या पुंगळ्यांत परत दारू भरून वापरतात म्हणे, त्याआधी त्या साफ कराव्या लागतात. भांडं थरथरायला लागलं, पुंगळ्या आपोआप गोल फिरू लागल्या, आणि बाहेर काढल्या तर सोन्यासारख्या.

"पितळ ते पितळच," नवरा म्हणाले. "त्याची पुंगळी, तुझं घुंगरू."

"आणि आत ते तपकिरी काय टाकलंय?"

"अक्रोडाची टरफलं. कुटून."

आमच्या घरात अक्रोड दिवाळीला येतो, तोही कुणी दिला तर.

ते यंत्र इथे मागवायची किंमत बघितली आणि मोबाईल त्यांच्या हातात परत दिला. मग आम्ही जरा स्वस्तातलं शोधू लागलो. दागिने चमकवायचं एक छोटं यंत्र मिळत होतं, पण त्याचं भांडं मुलांच्या डब्याएवढं. एका चाळाची घुंगरंही त्यात मावली नसती. एका वेल्डरनं सांगितलं, तेलाचं पिंप आडवं टाकून मोटर लावून देतो. गोल पिंपात माल आतल्या आत नुसता घसरतो, उलटापालटा होत नाही, हे मला घरातल्या पत्र्याच्या डब्यात घुंगरं घालून, डबा जमिनीवर लोळवून कळलं. अर्धा तास लोळवला. घुंगरं होती तशीच हिरवी. वेल्डरला नको म्हणून सांगितलं.

बहिणीनंच शेवटी शोध लावला. तोंडानं मोडीत घाल म्हणत होती, पण धाटावच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे जाऊन विचारून आली होती. बंद पडलेल्या एका नट-बोल्टच्या कारखान्यातलं पिंप त्याच्याकडे आलं होतं. सहा बाजूंचं, लोखंडी, आतून रबर लावलेलं, चौकटीवर आडवं बसवलेलं. खाली मोटर.

मी एक पिशवी घुंगरं घेऊन रोह्याला गेले. भंगारवाला खुर्चीतून उठला नाही.

"ताई, मशीन एकदम चालू हाय."

"चालू आहे तर भंगारात कशाला आलं?"

"कारखाना बंद पडला. मशीन नाय बंद पडली."

"लावून दाखव."

"आता लाईट नाय."

"मग लाईट येईपर्यंत बसते." मी पत्र्याच्या ढिगाशेजारी एका टायरवर बसले. बहीणही बसली, आणि तिनं पिशवीतून शेंगा काढल्या. आम्ही दोघी त्याच्या दुकानात टरफलं टाकू लागल्यावर त्याला आठवलं की शेजाऱ्याकडून वायर घेता येते.

पिशवीतली घुंगरं आत ओतली, पिंप फिरलं. मोटर जरा घरघरत होती, पट्टा नवा लागणार होता, पण सहा बाजू असल्यामुळे माल वर जाऊन खाली कोसळत होता. मला तेवढंच हवं होतं. पट्टा सैल आहे, रबर एका कोपऱ्यात सुटलंय, वायर सडलीय, असं एकेक दाखवत मी त्याला माझ्या ऐपतीत आणलं. तो बहिणीला म्हणाला, "तुमच्या बहिणीनं मलाच मोडीत काढला."

"आमच्याकडे तिला पण कुणी घेत नाही," बहीण म्हणाली.

पेणकडे रिकामा जाणाऱ्या टेम्पोत पिंप चढवलं आणि मी ड्रायव्हरशेजारी बसून घरी आले. पडवीत जागा केली. नवऱ्यांनी पट्टा बदलला, वायर बदलली, आणि त्या दिवशी मोबाईलला हात लावला नाही.

आता आत टाकायचं काय? अक्रोडाच्या जागी मी भाताचं तूस घेतलं. गिरणीत हवं तेवढं मिळतं, खरखरीत असतं, कोरडं असतं. पण नुसत्या तुसानं हिरवं निघालं, चमक आली नाही. सासूबाईंच्या चाळांना चमक असायची. तेव्हा शेजारीण आठवली. ती जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जाते. तिनं एकदा तिथल्या पांढऱ्या भुकटीनं देवाची समई घासून आणली होती, आरशासारखी.

"थोडी आणशील का?"

"थोडी कशाला, खालची झाडून पोतं भरून आणते. आमच्या नाकातोंडात नुसती तीच असते गो."

आषाढ होता. पाऊस तिरका पडत होता, पडवीतल्या दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहत होते. मी पिंपात घुंगरं, तूस आणि दोन ओंजळी भुकटी टाकून झाकण आवळलं आणि बटण दाबलं. एवढा आवाज झाला की समोरची म्हातारी विचारायला आली, घरात दगड फोडताय का. संध्याकाळी झाकण उघडलं. घुंगरं नव्यासारखी पिवळी. मी एकही घासलं नव्हतं. पोतं संपेपर्यंत रोज एक घाणा काढला, आणि अंगठ्याला फक्त सुई दिली. खांब गावच्या मंडळाचे चाळ सगळ्यात आधी शिवले, कारण ते सगळ्यात जुने गिऱ्हाईक. शिवताना हाताला घुंगरू जरा जड लागत होतं. मी म्हटलं, पावसाळी हवा. दमलेल्या माणसाला कुठलंही कारण पुरतं.

श्रावणात खांबचे बुवा आले. बुवा म्हणजे नाचाची गाणी म्हणणारे, मंडळाचे प्रमुख. कोलाडच्या अलीकडून एसटीनं येतात, आल्यावर आधी पाणी पितात, मग चाळ पायात बांधून बघतात. मी चाळ पुढे ठेवला. ते बघतच राहिले.

"काय गो बाय, सोन्याचा केलास काय?"

"बांधून बघा."

त्यांनी बांधला. उजवा पाय उचलला आणि जमिनीवर आपटला.

ठप्प.

परत आपटला. ठप्प. पोत्यावर पाय पडल्यासारखा. बुवांनी माझ्याकडे बघितलं, मी चाळाकडे. आतून नवरा म्हणाले, "लाईट गेली काय?"

"बाय," बुवा म्हणाले, "रूप हाय, गळा नाय."

मी एक घुंगरू तोडून घेतलं, उजेडात धरलं. तोंडाच्या चिरेत तूस घट्ट बसलं होतं. पुंगळीचं तोंड मोकळं असतं, गेलेलं टरफल बाहेर पडतं. घुंगराची चीर तुसाएवढीच. नुसतं तूस एक वेळ हलवून निघालं असतं. पण कारखान्यातली झाडलोट म्हणजे नुसती घासल्याची भुकटी नव्हती, सांडलेलं कच्चं प्लास्टरही तिच्यात होतं. आषाढाच्या ओल्या हवेनं ते आतल्या आत घट्ट झालं. माझ्या घुंगरांच्या पोटात छोट्या-छोट्या मूर्ती झाल्या होत्या.

सुईनं उकरायला लागले. तिसऱ्या घुंगराला अंगठ्यातून कळ गेली आणि सुई खाली पडली. बुवांनी ती उचलून माझ्या हातात दिली नाही, पाटावर ठेवली.

"ऱ्हाऊ दे. गेल्या सालचे हायत का नाय? न घासलेले?"

होते. एक पोतं अजून पिंपात जायचं होतं. पट्टे कुजलेले, घुंगरं हिरवी. मी म्हटलं, "असे कसे देऊ? सासूबाई असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं."

"तुझी सासू!" बुवा हसले. "तिला आम्ही किती येळा सांगितला, बाय, चकचकीत नको, कोण बघतो? नाचताना धूळ उडते, रात्रीचा उजेड तो केवढा. आम्हाला आवाज लागतो. आन् पोटरीला हिरवा लागू नये, बायका वरडतात. बस."

"मग त्या का घासायच्या?"

"तिला आवडायचा."

मी खाली बसले. राग यायला हवा होता, पण तेवढंही अंगात उरलं नव्हतं. इतके उन्हाळे चिंचेच्या कोळात हात घालून मी ज्याच्यासाठी अंगठा झिजवला ते कुणी मागितलंच नव्हतं. बुवा मात्र घाईत होते. "तालमीला पोरं थांबलीत. हिरवा कसा काढायचा तेवढा बघ. आठ दिसांनी येतो."

पिंपात घालायला चिरेत न जाणारं काहीतरी हवं होतं: कठीण, कोरडं, फुकट. खडी नको, पितळेला पोचे पडतात. स्वयंपाकघरात उभी राहून मी डबे बघत होते. उन्हाळ्यात चिंच फोडली होती, त्याचे चिंचोके टोपलीत तसेच पडले होते. टाकायचे राहिले म्हणून होते. वर्षानुवर्षं चिंच मी घासायला वापरली आणि चिंचोके उकिरड्यावर फेकले.

चिंचोके, जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या आणि घुंगरं. बटण दाबलं. म्हातारी परत आली. मी सांगितलं, दगड नाहीत, चिंचोके आहेत. ती म्हणाली, "मंग बरा," आणि गेली.

बाहेर आलेली घुंगरं चमकत नव्हती. मळकट पिवळी होती, जुन्या दाराच्या कडीसारखी. ओल्या फडक्यावर घासून बघितली, हिरवं लागत नव्हतं. मूठभर घेऊन हलवली तेव्हा आतून नवरा म्हणाले, "आली लाईट."

पट्टे शिवायला मला जवळजवळ आठही दिवस लागले, मध्येमध्ये हात गरम पाण्यात बुडवत. बुवा आले, पाय आपटला आणि चाळ पिशवीत भरले. त्यांच्याकडून शाबासकी एवढीच येते. मुक्या घुंगरांतली काही नुसत्या पिंपात फिरवून मोकळी झाली. बाकीची शेजारीण जोह्याला घेऊन गेली, मूर्तींच्या पायात चिकटवायला. गणपती एका जागी बसतो, त्याला आवाजाशी काय करायचंय.

विसर्जन झाल्यावर बहीण रोह्याहून आली, रिकाम्या गोण्या घेऊन. ठरल्याप्रमाणे. खांबचे, कोलाडचे, सगळे चाळ परत येऊन पडवीत पडले होते, परत हिरवे, परत चिखलानं माखलेले. तिनं ढीग बघितला, पिंप बघितलं, मग माझा हात स्वतःच्या हातात घेऊन अंगठ्याचं मूळ दाबलं. मी ओरडले, पण डॉक्टरांकडे ओरडले होते तेवढी नाही.

"दुखतोय की."

"शिवण्यानं दुखतोय. घासण्यानं नाही."

ती गोण्यांवर बसली आणि म्हणाली, "चिंचोके पुरतील?"

"तुझ्याकडचे दे."

"माझ्याकडे पोतंभर असतील. फेकून देते मी."

गोण्या तिनं भरल्याही नाहीत, परतही नेल्या नाहीत. त्यांच्यातच मी आता न घासलेले चाळ भरून ठेवते. पिंप रोज दुपारी चालतं. त्या आवाजात झोप लागत नाही, पण नुसतं पडायला मिळतं, हात छातीवर ठेवून.