एकोणीसचा पाना

मी गाडीला लिंबू-मिरची न बांधणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुणी अंगात आलं, चकवा लागला असलं बोलायला लागलं की मी उठून जातो. म्हणून खाली जे लिहितोय ते वाचून हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

आमचं सावदा, रावेर तालुका. घरची केळी. पॅकिंग शेडच्या अर्ध्या भागात केळीचे क्रेट आणि अर्ध्या भागात माझा जीव, म्हणजे जपानहून आलेली दोन दारांची टर्बो गाडी. कागदपत्रं सगळी रीतसर, मालक मी तिसरा. सहा वर्षांत तिचा एकही नट असा नाही जो मी खोलून बसवला नाही. इंजिन उतरवलं तेही याच शेडमध्ये, घड उचलायच्या चेन-कप्पीनं!

हे सगळं मला शिकवलं भाऊंनी. भाऊ म्हणजे आमच्याकडचे मोटर मेकॅनिक... बोअरच्या पंपाची मोटर हो, गाडीची नाही. पण माणूस असा की कान लावला की बेअरिंगचा आजार सांगणार. त्यांच्या प्रत्येक पान्याला सुताची दोरी असायची, आणि काम करताना दोरीचा फास मनगटात. पाना बोअरमध्ये पडला की गेला, म्हणून. गाडीवर काम करतानाही तेच. मी चिडवायचो, "भाऊ, इथं खाली चारशे फूट नाहीये." ते म्हणायचे, "हाताले सवय पाहिजे रे."

पाच वर्षांपूर्वी मी त्यांचा एकोणीसचा पाना मागून आणला. दोरी सारखी टर्बोच्या पाइपात अडकायची. वैतागलो, ब्लेडनं कापली आणि फेकली. पाना तसाच परत केला. दुसऱ्या दिवशी आमच्याच मळ्यात मोटर बसवताना तो भाऊंच्या ओल्या हातातून निसटला आणि गेला खाली. आबा, म्हणजे माझे वडील, शेजारीच उभे होते. भाऊ एवढंच म्हणाले, "याले दोरी होती रे." मी म्हणालो, "तुटली असेल." धडधडीत खोटं. भाऊ मागच्या वर्षी गेले. खरं सांगायचं राहूनच गेलं, आणि ते मला अजून टोचतं.

आता यंदाचा दसरा. आबा पंचाहत्तरीचे, सहा वर्षांत एकदाही माझ्या गाडीत बसले नव्हते. "तुह्या त्या डबड्यात माणूस बसते का झोपते?" हे ठरलेलं वाक्य. पण यंदा काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "धुळ्याले अक्काले सोनं द्याले तुह्या गाडीनं जाऊ." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मला इतका आनंद झाला की विचारू नका! आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पहाटेपासून पुढचं नवीन सस्पेन्शन बसवायला घेतलं.

शेवटचा नट राहिला होता, डाव्या चाकाच्या खालच्या सांध्याचा. लागतो एकोणीसचा पाना. तेवढ्यात बायकोनं, वैशालीनं, सगळी अवजारं पूजेला नेली. कोयते, पाने, सगळं; गाडीखालचा जॅक तेवढा राहिला. आमच्याकडे मांडलेली अवजारं घरातल्या मोठ्यांना सोनं देऊन झाल्याशिवाय उचलत नाहीत, आणि यंदा सगळ्यात मोठी अक्का. मी नट हातानं दोन आटे फिरवला, म्हटलं बघू नंतर. डिकीतल्या चाकाच्या पान्यानं चाक चढवलं, जॅकही पूजेला दिला, गाडी धुतली, पॉलिश मारलं... आणि विसरलो. चक्क विसरलो.

दसऱ्याला सकाळी नऊला आबा पांढरं धोतर-टोपी घालून शेडमध्ये हजर. मी गाडीचं लॉक उघडलं, तर ड्रायव्हरच्या सीटवर पाना. ओला. खाली सीटवर पाण्याचा डाग. माझं टाळकंच सरकलं.

"वैशाली, पूजेतला पाना इथं कुणी आणून टाकला?"

ती आतूनच म्हणाली, "डोळे उघडून बघा, पूजेतला पूजेतच आहे."

जाऊन पाहिलं. माझा एकोणीसचा हळद-कुंकू लावून झेंडूखाली तसाच होता. मग हा कुठला? उलटून पाहिला. दांड्यावर कानशीनं पाडलेल्या तीन खाचा. सुताची दोरी. आणि दोरीला मधेच एक गाठ, कापलेली दोरी पुन्हा जोडावी तशी.

आबांनी तो माझ्या हातातून घेतला, बोटानं खाचा चाचपल्या. "हा भाऊचा हाये."

पान्यावरचा १९ दिसला आणि तेव्हा कुठे मला तो नट आठवला. पूजेतला जॅक उचलता येईना, म्हणून शेजारून मागून आणला. चाक काढलं, तर नट बोटानं फिरत होता. तो निघाला असता तर हायवेला चाक आत दुमडलं असतं... आणि शेजारच्या सीटवर आबा. मी दोरी मनगटात घातली आणि भाऊंच्या पान्यानं नट आवळला. डोळ्यांतून पाणी येत होतं. मग मीच आबांना दोरीचं सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "भाऊले तवाच समजलं होतं. मले बोलला होता."

निघालो. एरंडोलच्या पुढे मोकळा रस्ता लागला, टर्बोची शिट्टी घुमली, आणि आबा डॅशबोर्ड धरून म्हणाले, "अजून दाब ना रे!" काय सांगू, सहा वर्षांची मेहनत त्या चार शब्दांत वसूल झाली. धुळ्याला गल्लीतली पोरं गाडीभोवती जमली, अक्का दारात येऊन म्हणाली, "हाई गाडी शे का इमान? बठ्ठी गल्ली गोया व्हयनी." तिच्या अहिराणीत म्हणजे, ही गाडी की विमान, सगळी गल्ली गोळा झाली. सोनं द्यायला हात पुढे केला तेव्हा लक्षात आलं, निघताना पाना सोडून डिकीत ठेवला होता, पण दोरी अजून मनगटातच होती.

नंतर खूप चौकशी केली. भाऊंच्या मुलाकडे त्यांचा पान्यांचा संच आहे, त्यात एकोणीसचा नाही. गाडीची चावी रात्रभर माझ्या उशाशी होती. बोअरमधली मोटर तेव्हापासून वर काढलेली नाही. एक मित्र म्हणतो, कॅमेरा सोडून तळ बघ, सोक्षमोक्ष लागेल. मी नाही सोडणार. पाना तिथंच पडलेला दिसला, तर मग माझ्या शेडमध्ये टांगलाय तो कुठला?

मला याचं उत्तर सापडलेलं नाही. आता माझ्या प्रत्येक पान्याला दोरी आहे. आणि आबा दर रविवारी गाडीत बसायला येतात, पण आधी विचारतात, "एकोणीसचा फिरवला का?" फिरवला म्हटल्याशिवाय आत पाय ठेवत नाहीत.