खराट्यासकट पाहुणी

आधी चहा घ्या आणि मग ऐका, कारण एकदा सांगायला लागले की माझ्या मूर्खपणाला मध्ये कुठे थांबा नाही. आणि हसायचं तर खुशाल हसा. आमच्या ह्यांचं बडोद्यात मांजलपूरच्या अख्ख्या सोसायटीला सांगून झालंय, तुम्हीच तेवढे राहिला होतात!

तर आमची मुक्ता अंदमानात एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये नोकरीला आहे. हाउसकीपिंगची प्रमुख. म्हणजे खोल्या, चादरी, टॉवेल, झाडलोट, सगळं तिच्या हाताखाली. मायक्रोबायोलॉजीत पहिल्या वर्गात पास झालेली पोरगी, आणि हे! खोटं कशाला बोलू, बडोद्यात कुणी विचारलं की मी 'मॅनेजमेंटमध्ये आहे' म्हणायचे आणि लगेच विषय बदलायचे. 'यंदा तुमचं लोणचं कसं झालंय?' असलं काहीतरी.

तिथे काम करणाऱ्यांच्या आईवडिलांना वर्षातून एकदा चार दिवस पाहुणे म्हणून राहता येतं. गेलो आम्ही. कॉटेज नंबर बारा. दारापुढे नारळ, नारळांपुढे समुद्र, आणि पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून! "अगं, या वयात?" म्हणत ह्यांनी एका हंसाने तोंड पुसलं.

पहिल्याच संध्याकाळी मुक्ता आली. "आई, परवा मुख्य ऑफिसातून एक साहेब तपासणीला येतायत. कोणतीही खोली उघडून बघतात. मला कायम करायचं की नाही, ते त्यांच्या रिपोर्टवर आहे. तुम्ही दोघं फक्त पाहुण्यांसारखं राहा. काही म्हणजे काही करू नका."

आता मला सांगा, 'काही करू नकोस' असं आईला सांगून आजवर कधी उपयोग झालाय?

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला निघालो, तर शेजारच्या कॉटेजचं दार उघडं. आत मुक्ता गुडघे टेकून कुणा अनोळखी माणसाच्या पलंगाखाली वाकून बघत होती. घरी हिला मी कधी पाण्याचा पेला उचलायला लावला नव्हता. तिथल्या तिथे ठरवलं, निदान आपल्या खोलीचा भार तरी लेकीवर नको.

ह्यांना समुद्रावर पिटाळलं. दाराला 'कृपया त्रास देऊ नये'ची पाटी लावली आणि पदर खोचला. माळीबुवांकडून नारळाच्या हिरांचा खराटा मागून आणला आणि पडवीतली वाळू झाडली. कप विसळून वर्तमानपत्रावर पालथे घातले. आठच्या आठ टॉवेल धुऊन कठड्यावर वाळत टाकले, त्यात हंसही गेले. पांढऱ्या चादरीच्या कडा गादीखाली कोंबल्या आणि वर घरून नेलेली सोलापुरी चादर अंथरली. एवढ्या पांढऱ्याशुभ्र पलंगावर डाग पडला तर?

तिसऱ्या दिवशीही तेच. मी पोपटी सुती साडी नेसले होते. तिथल्या सफाईच्या बायकांचीही साडी पोपटीच, हे माझ्या लक्षात यायला नको का? नाही आलं. पडवीत खराटा मारत होते, तर पुढ्यात एक गृहस्थ उभे. पांढरा शर्ट, हातात फाइल.

"गेस्ट अंदर हैं?"

बाई गं, हेच ते साहेब! 'मीच पाहुणी' म्हणावं, तर पाहुणीच्या हातात खराटा. मुक्ताच्या माणसांना काम येत नाही असंच ते लिहिणार! मग मी डोकं चालवलं. तेच नडलं.

"नहीं साब, घूमने गये हैं."

"आप यहाँ कितने साल से हैं?"

"पैंतीस साल!" आमच्या लग्नाला तेवढी झालीत, जिभेवर तेच होतं.

साहेबांनी फाइलमधून मान वर काढली. रिसॉर्ट बांधून जेमतेम सहा वर्षं झाली होती.

"अच्छा... और मुक्ता मॅडम कैसी हैं? सच बताइए, डरिए मत."

बस्स, पोरीचं नाव निघालं आणि मी सुटले. "बहुत हुशार है साब, बचपन से! चौथी में स्कॉलरशिप मिली. खाने में जरा नखरा है, भेंडी बिलकुल नहीं चलती, पण स्वभाव बहु सरस!" हिंदी अडली की माझ्या तोंडून गुजराती पडतं, बडोद्याची सवय.

"बचपन से?" साहेब पुटपुटले.

तेवढ्यात समुद्रावरून आमचे हे आले. अर्धी चड्डी, हातात शहाळं. साहेबांकडे बघून मान हलवली आणि मला म्हणाले, "अगं, चहा टाक ना जरा."

मी डोळे वटारले. खुणा केल्या. पस्तीस वर्षांत ह्यांना माझी एक खूण कळलेली नाही, ती आज कळणार होय?

"अशी काय बघतेस? आलं घाल थोडं."

"स्वतः करून घ्या की! हात काय समुद्रात विसरून आलात?"

निघून गेलं हो तोंडातून! साहेबांना मराठी कळो न कळो, सूर बरोबर कळला. पेन थांबलं. सफाईवाली पाहुण्याला असं बोलते? आणि पाहुणा गुमान किटली शोधायला आत जातो?

"गेस्ट से बात करने का ये कौन सा तरीका है? बुलाइए अपनी मॅडम को!"

मॅडम धावतच येत होत्या. कठड्यावरच्या टॉवेलांची वर्दी कुणीतरी दिली असणार. मुक्ता पायरीवर थबकली. तिने खराटा पाहिला, साहेबांचा चेहरा पाहिला. मी डोळ्यांनी विनवत होते, मला ओळखू नकोस गं बाई, कामावरून काढते म्हण, काहीही म्हण.

ती सरळ माझ्याजवळ आली. खराट्यासकट माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "सर, ये मेरी माँ हैं. गेस्ट हैं. मेरा काम कम कर रही थीं."

एवढंच. लाज नाही, चाचरणं नाही. जिचं काम मी बडोद्यात चारचौघांपासून लपवत होते, तिने नोकरी पणाला लागलेली असताना साहेबांपुढे मला आपलं म्हटलं. रडूच आलं मला. तिची नव्हे, माझीच मला लाज वाटली.

साहेब आत गेले. सोलापुरी चादर उचलली, खालच्या कोंबलेल्या कडा बघितल्या. मग बाकीच्या खोल्या बघायला निघाले. संध्याकाळी परत भेटले तेव्हा म्हणाले, "माँजी, मॅडम तो पक्की हो गईं. बाकी सब बेड देखे, एक सिलवट नहीं. आपका बेड आपकी बेटी का बनाया हुआ नहीं है, ये तो देखते ही समझ गया था."

मग मी मुक्ताला म्हटलं, दाखव मला. तिने चादर एकदा झटकली, ती हवेतून सरळ जागेवर आली. कोपरा असा दुमडला की इस्त्रीची घडी वाटावी. मी बघतच राहिले. किती सुंदर काम करत होती माझी मुलगी! मी तीनदा करून पाहिलं. तीनदा तिने चादर ओढून काढली आणि म्हणाली, "पुन्हा."

परतीच्या बोटीत नाशिकच्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. गप्पा निघाल्या. "मुलगी काय करते हो तुमची?"

"हाउसकीपिंगची प्रमुख आहे!" अख्ख्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं.

"अरे वा! आणि तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, "ही तिच्याच हाताखाली लागली होती. दोन दिवसांच्या वर टिकली नाही."